लांबून आलेल्या सुना आणि आपली वृत्तपत्रे

लग्न होऊन मुलीने दुसऱ्या गावी नांदायला जाणे ही आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलेली रीत आहे की, तिला स्थलांतर म्हणावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जनगणनेच्या कोष्टकांत मात्र ते स्थलांतरच असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४५ कोटींहून अधिक लोक आपले पूर्वीचे ठिकाण सोडून अन्यत्र राहत होते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी, म्हणजे सुमारे २१ कोटींनी, त्याचे कारण विवाह असे सांगितले होते. या २१ कोटींत पुरुष अगदीच थोडे. पुढे २०२०-२१ च्या केंद्र शासनाच्या श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी विवाह हेच कारण नोंदविले. स्थलांतर म्हटले की मुंबईला गेलेला किंवा इचलकरंजीच्या मागावर आलेला पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु संख्येने पाहता या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर हळदीच्या अंगाने होते.

कोल्हापूरला तर लांबच्या सोयरिकीचे अप्रूप वाटण्याचे कारणच नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या राणी लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील. मराठा आणि धनगर यांच्यात रोटीबेटी व्यवहार व्हावा म्हणून महाराजांनी खटपट केली, आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये कागलच्या घराण्यातील संयोगिताराजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांना दिल्या गेल्या. या विवाहांचा उल्लेख आपण आजही अभिमानाने करतो. अंतर तेथेही होते, भाषेचा आणि चालीरीतींचा फरक तेथेही होता. परंतु ओडिशा, बंगाल, बिहार किंवा सीमेपलीकडील विजापूर-बागलकोट भागातील एखाद्या भूमिहीन घरची मुलगी कागल, शिरोळ वा पन्हाळा तालुक्यातील दोन एकरवाल्याच्या घरी सून म्हणून येते, तेव्हा तिच्यासाठी निराळी भाषा वापरली जाते. ती ‘आणलेली’ असते, कधी ‘विकत आणलेली’ असते, आणि वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर ती आली तर बहुधा ‘पसार झालेली’ असते.

या विषयाला शाळेच्या स्मरणिकेत जागा देण्याचे कारण आमच्या वसतिगृहातच आहे. अलीकडच्या वर्षांत आमच्याकडे दाखल होणाऱ्या मुलांत अशी काही मुले आहेत, ज्यांच्या आईचे माहेर महाराष्ट्रात नाही. दिवाळीच्या सुट्टीत इतर मुले आजोळी जाण्याच्या गोष्टी करतात, तेव्हा ही मुले गप्प असतात. कारण त्यांचे आजोळ रेल्वेच्या दोन दिवसांच्या अंतरावर आहे आणि तेथे जाण्याइतके पैसे घरी नसतात. ही मुले इतरांप्रमाणेच सकाळी वाचनालयात वृत्तपत्र उघडतात. त्यांच्या आईसारख्या स्त्रियांविषयी तेथे काय छापलेले असते, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी करावयास हवा असे आम्हांस वाटते.

प्रथम ही बातमी कशी तयार होते ते पाहू. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा अल्प मानधनावर काम करणारा असतो. त्याला रोज काही मजकूर पाठवावा लागतो, आणि रोज हमखास मजकूर मिळण्याची जागा म्हणजे पोलीस ठाणे. तेथे फिर्याद नोंदविणारा असतो नवरदेव किंवा त्याचा बाप. एका मध्यस्थाला लाख-दीड लाख रुपये दिले, मंदिरात लग्न लावले, आठ दिवसांनी नवरी दागिने आणि रोकड घेऊन निघून गेली, अशा आशयाची ती फिर्याद असते. वार्ताहर तीच उतरवून घेतो. नवरीचे म्हणणे त्यात येत नाही, कारण ती आरोपी असते आणि बहुतेक वेळा ती सापडलेलीही नसते. सापडली तर तोंडावर ओढणी घेतलेले तिचे छायाचित्र येते. खटल्याचे पुढे काय झाले, आरोप शाबीत झाला की नाही, ती स्वतःच कोणाच्या तावडीत होती काय, हे दोन-तीन वर्षांनी छापण्याची कोणाला निकड नसते.

या पद्धतीत एक गोष्ट आपोआप घडते. दहा वर्षांपूर्वी आलेली, मराठी शिकलेली, बचत गटात बसणारी, सासूचे दुखणेखुपणे काढणारी, उसाच्या भांगलणीला इतर बायकांबरोबर जाणारी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. म्हणून ती बातमीतही येत नाही. जी नांदते ती दिसत नाही आणि जी निघून जाते तीच दिसते. वाचकासमोर वर्षभर असे तुकडे येत राहतात आणि बाहेरून आलेली सून म्हणजे पळून जाणारी बाई, असा ग्रह पक्का होतो. यात कोणा एका वार्ताहराचा कुटिल हेतू असतोच असे नाही. उगमच एकतर्फी असला की प्रामाणिक वार्ताहराच्या हातूनही एकतर्फी चित्र उभे राहते.

त्यावर भाषेचा संस्कार होतो. ‘लुटेरी दुल्हन’ हा शब्दप्रयोग हिंदी वाहिन्यांकडून आला आणि मराठी वृत्तपत्रांनी तो भाषांतराचे कष्टही न घेता उचलला. २०१५ साली ‘डॉली की डोली’ नावाचा हिंदी चित्रपट याच कल्पनेवर निघाला, आणि तो विनोदी होता. मराठीत ‘लग्नाळू’ हा शब्द मथळ्यांना फार प्रिय आहे. त्या शब्दात नवरदेवाचीही थट्टा असते. म्हणजे ज्या व्यवहारात एका बाजूला कर्ज काढून रिकामे झालेले घर आहे आणि दुसऱ्या बाजूला मध्यस्थाने फिरविलेली मुलगी आहे, तो व्यवहार वाचकाला हसत हसत वाचावयास दिला जातो. चहाच्या टपरीवर तो मोठ्याने वाचला जातो, मोबाइलवर पुढे पाठविला जातो, आणि त्याच गावात चार घरे पलीकडे राहणाऱ्या परक्या मुलखातील सुनेकडे लोक दुसऱ्या दिवशी वेगळ्या नजरेने पाहतात. तिचे कपाट तपासले जाते. तिने माहेरी फोन केला तर कोणाशी बोललीस असे विचारले जाते. बातमीचा परिणाम असा स्वयंपाकघरापर्यंत पोचतो.

फसवणूक होतच नाही असे आमचे म्हणणे नाही. होते, आणि ती क्रूर असते. म्हैस विकून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून लग्न केलेल्या कुटुंबाचे नुकसान खरे आहे, त्यांची गावातील मानहानी त्याहून खरी आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. एकच घटना कायद्याच्या दृष्टीने दोन प्रकारांनी पाहता येते. मध्यस्थाने पैसे घेऊन मुलगी दिली, हे नवरदेवाच्या बाजूने पाहिले तर फसवणूक आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४२० हे कलम त्याला लागे, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ लागते. मुलीला तिच्या परिस्थितीचा गैरफायदा घेऊन, फसवून वा धाक दाखवून शोषणासाठी आणले असेल, तर तोच प्रकार मानवी तस्करीचा, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १४३ चा होऊ शकतो. कोणते कलम लागेल हे तपासावर अवलंबून असते. परंतु तपास पुरा होण्याच्या कितीतरी आधी मथळ्याने निकाल दिलेला असतो, आणि त्या निकालात ती कधी बळी नसते.

मध्यस्थाचा तर उल्लेख एका ओळीत उरकला जातो. महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाहांची नोंदणी यांसाठी १९९८ चा अधिनियम आहे. लग्ने जुळवून देण्याचा धंदा करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. गावोगावी फिरणारा, दोन्हीकडून पैसे घेणारा, एकाच मुलीचे तीन स्थळांशी बोलणे लावणारा एजंट या नोंदणीत आहे काय, असा प्रश्न बातमीत विचारलेला आमच्या वाचनात नाही. नवरी ‘टोळी’तील ठरते, एजंट ‘ओळखीचा’ राहतो.

आता या बातमीच्या मागील बाजूकडे वळू. कारण खरी गोष्ट तेथे आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्या वेळी राज्याचे प्रमाण ९१३ होते. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे साधारणतः ९५० मुली जन्मतात, हे लक्षात घेतले तर हजारामागे शंभरावर मुली कोठे गेल्या याचे उत्तर देण्याची जबाबदारी याच जिल्ह्यावर येते. शिक्षणात, सहकारात, समाजसुधारणेत पुढे असलेला, शाहूंचे नाव घेणारा हा जिल्हा. २०११ मध्ये प्रमाण ८६३ पर्यंत सावरले, तर राज्याचे घसरून ८९४ झाले. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कार्यकाळात कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांवर लक्ष ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रणा बसविण्यात आली, तिची देशभर चर्चा झाली. तरीही मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, पुरलेले १९ भ्रूण सापडले.

२००१ साली जी मुले सहा वर्षांच्या आतील होती, ती आज पंचविशी-तिशीत आहेत. ती लग्नाची झाली. ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्या त्यांना सांगून येणार नाहीत, एवढे हे साधे गणित आहे. त्यात शेतीचे तुकडे झाले, दुधाचा आणि उसाचा पैसा वेळेवर हाती येईना, आणि ज्यांना मुली आहेत त्यांनी नोकरीवाला जावई पाहण्यास सुरुवात केली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही; आपल्या मुलीचे हित कोण पाहणार नाही? पण वृत्तपत्रांनी तेथेही एक ठरीव वाक्य शोधून ठेवले आहे: मुलींच्या अपेक्षा वाढल्या. म्हणजे गावातील मुलगी अपेक्षांमुळे दोषी आणि बाहेरची मुलगी लबाडीमुळे दोषी. मुलग्याच्या हव्यासापायी यंत्रासमोर बसलेले घर, ते यंत्र चालविणारा डॉक्टर आणि गप्प बसलेली पंचक्रोशी या दोन्ही बातम्यांत कोठेच नसते. म्हैसाळची बातमी जेव्हा आली तेव्हा ती मोठी आली, यात शंका नाही. परंतु म्हैसाळची बातमी आणि पळालेल्या नवरीची बातमी या एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, असे वाचकाला कोणी सांगितले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजंत्री लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. ज्योती क्रांती परिषदेने तो काढला होता. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. घोड्यावरील नवरदेवांची छायाचित्रे देशभर गाजली. मागणी मात्र छायाचित्राखालच्या मजकुरात राहिली. स्वतःच्या दुःखाचे सोंग केल्याशिवाय कोणी लक्ष देणार नाही, हे त्या तरुणांना ठाऊक होते. आणि सोंग केल्यावर सोंगाकडेच पाहिले गेले.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या एका जुन्या निबंधाची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहाने, आणि तो टिकवायचा तर जातीत विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समान राखावी लागते, असे त्यांनी दाखविले. पती मेला की ‘अतिरिक्त स्त्री’ उरते, पत्नी मेली की ‘अतिरिक्त पुरुष’ उरतो. पहिलीची वासलात सतीने आणि सक्तीच्या वैधव्याने लावली गेली, दुसऱ्यासाठी अजून वयात न आलेल्या मुली पत्नी म्हणून दिल्या गेल्या. त्या निबंधात अतिरिक्त पुरुष मृत्यूमुळे निर्माण होतो. आपल्या काळात तो सोनोग्राफीच्या यंत्राने निर्माण केला. त्याची सोय लावण्यासाठी आता वयाच्या खाली न जाता नकाशावर लांब जावे लागते, इतकाच फरक.

आणि जातीचे काय झाले? ती मोडली असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. हजार मैलांवरून आलेल्या मुलीची जात सोयीप्रमाणे ‘आपल्यातलीच’ ठरविली जाते. तिचे आडनाव येथे कोणाला कळत नाही, म्हणून अडचण येत नाही. त्याच गावात बौद्धवाड्यात किंवा मातंग वस्तीत शिकलेली, मराठी बोलणारी, शेतीची माहिती असलेली मुलगी असते. तिच्याशी सोयरीक करण्याचा विचारही त्या घराला शिवत नाही. केला तर भावकी उभी राहते. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा ज्या संस्थानात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी केला, तेथे हे घडते. वृत्तपत्रांनी लांबच्या सुनेविषयी लिहिताना कधीतरी हा प्रश्न विचारावा: शेजारची मुलगी का चालली नाही?

वृत्तपत्राने एका स्त्रीवरून सगळ्या स्त्रियांचा निवाडा करण्याची रीत मराठीत नवी नाही. १८८१ साली सुरत भागातील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल खटला झाला. प्रथम फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नीतीवरच तोंडसुख घेतले. तिला त्या अवस्थेस नेणारा पुरुष कोण आणि विधवेला पुनर्विवाह नाकारणारी रूढी कोणाची, हे प्रश्न त्या लिखाणाच्या कक्षेबाहेर राहिले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. पुस्तकावर इतकी टीका झाली की ताराबाईंनी पुढे काही प्रसिद्ध केल्याचे आढळत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. आजची लांबून आलेली सून मराठी वाचू शकत नाही. ती ताराबाईंसारखे उत्तर कशी देणार? तिच्यावतीने बोलणारे जोतीराव तरी जिल्हा पानावर कोठे आहेत?

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही, हेही सांगितले पाहिजे. हरियाणात अशा स्त्रियांना ‘पारो’ किंवा ‘मोलकी’ म्हणतात. मोलकी म्हणजे मोल देऊन आणलेली. हा शब्द तिच्या मुलांनाही ऐकावा लागतो. कोल्हापूरच्या बोलीत असा एकच शब्द अजून रूढ झालेला नाही, आणि तो होऊ नये यासाठी हीच वेळ आहे. तैवानमध्ये व्हिएतनाम, इंडोनेशिया येथून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांना तेथील माध्यमे ‘परदेशी नवऱ्या’ म्हणत आणि त्यांच्यामुळे समाजाचा दर्जा खालावेल अशी चिंता छापत. श्या श्याओ-च्युआन या संशोधिकेने या वार्तांकनाचा अभ्यास केला. त्याआधी १९९५ मध्ये तिने मेइनुंग या ग्रामीण भागात त्या स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला होता. अक्षरे आली तशा त्या स्त्रिया स्वतः बोलू लागल्या, पुढे त्यांनी संघटना बांधली, आणि आपल्याला ‘नवस्थलांतरित स्त्रिया’ म्हणावे असा आग्रह धरला. नाव बदलून पोट भरत नाही, हे खरे. परंतु जी स्वतःचे नाव सांगू लागते, तिला परक्याने दिलेले नाव चिकटून राहत नाही.

आपल्या परंपरेत या कामाला आधार आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्यासाठी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. त्या वेळी मराठीत वृत्तपत्रांची वाण नव्हती. तरीही ‘मूकनायक’ काढावे लागले, कारण असलेल्या पत्रांत एका मोठ्या समाजाला स्वतःचे म्हणणे मांडण्यास जागा नव्हती. ‘केसरी’ने तर ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला होता. त्याच वर्षी २१ व २२ मार्चला कागल संस्थानातील माणगाव येथे परिषद भरली. ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना विचारून लिहिले जाते काय, हा प्रश्न या जिल्ह्याच्या मातीत शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आमच्या मुलांना पाठ्यक्रमात असतोच: केवळ ऐकीव आहे म्हणून, पुष्कळ लोक म्हणतात म्हणून, मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश श्रमण-ब्राह्मणांच्या मतांना जसा लागू, तसा सकाळच्या वृत्तपत्रालाही लागू आहे.

म्हणून आठवी ते दहावीच्या मुलांना आम्ही वृत्तपत्र वाचताना काही प्रश्न विचारण्यास सांगतो. ही माहिती कोणी दिली? दुसऱ्या बाजूला विचारले आहे काय? ‘फरार’, ‘टोळी’, ‘जाळे’ हे शब्द न्यायालयाचे की लिहिणाऱ्याचे? अशी किती लग्ने टिकली, याचा आकडा दिला आहे काय? मुले असे वाचू लागली की त्यांना मथळा आणि मजकूर यांतील अंतर फार लवकर दिसते; मोठ्यांपेक्षा लवकर. आमचे काही माजी विद्यार्थी आज पत्रकारितेत आहेत. नांदणाऱ्या एका सुनेची मुलाखत, तिच्या भाषेत बोलणारा दुभाषी सोबत घेऊन, त्यांनी करावी, एवढी त्यांच्याकडे आमची मागणी आहे. सीमाभागातील आमच्या पालकांत कानडी जाणणारे पुष्कळ आहेत. दुभाषी शोधण्यास लांब जावे लागणार नाही.

बातमीत न येणारी या स्त्रियांची खरी अडचण कागदांची आहे. लग्न मंदिरात झालेले असते, त्याची नोंदणी झालेली नसते. आधार कार्डावर माहेरचा पत्ता असतो, तो बदलला नाही म्हणून शिधापत्रिकेत नाव चढत नाही. नावाचे लेखन उडिया वा बंगाली उच्चारावरून प्रत्येक कागदावर वेगळे होते. मुलगी अनुसूचित जातीची असेल तर तिचा जातीचा दाखला मूळ राज्याचा राहतो आणि येथील सवलतींसाठी तो चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणापासून हीच भूमिका घेतली आहे. लग्नाने जात बदलत नाही, त्यामुळे सासरच्या कागदांचाही तिला उपयोग होत नाही. मुलांचे दाखले साधारणपणे वडिलांच्या बाजूच्या कागदांवरून होतात. वडील हयात नसले आणि भावकीशी वितुष्ट असले, तर आईला ते मिळविणे फार जड जाते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव बंधनकारक केले आहे. ही मुले काही वर्षांत शाळांच्या दारात येतील, तेव्हा आईच्या कागदांतील प्रत्येक चूक मुलाच्या नावात उतरेल.

विवाह नोंदणी, आधारवरील पत्ता, शिधापत्रिकेतील नाव आणि मुलाचा जन्मदाखला, या क्रमाने काम केले तर बहुतेक गुंता सुटतो असा कार्यालयाचा अनुभव आहे. आमचे माजी विद्यार्थी तलाठी, ग्रामसेवक, सेतू केंद्रचालक आणि वकील म्हणून जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत काम करीत आहेत. जूनमधील प्रवेशाच्या आधी, एप्रिल आणि मे महिन्यांतील रविवारी, अशा मातांना कागदपत्रांसाठी साहाय्य करण्यास जे तयार असतील, त्यांनी आपले नाव, तालुका आणि येत असलेल्या भाषा शाळेच्या कार्यालयात कळवाव्यात. कानडी, हिंदी, बंगाली किंवा उडिया बोलता येणाऱ्यांची विशेष गरज आहे.